नवसाची स्कूटर

रासिमुननं जन्मात कुणाचा उपकार फुकट घेतला नव्हता. शेजाऱ्याची शिडी आणली तर परत देताना तिची एक पायरी नवी घालून द्यायचा, म्हणजे कुणाला बोलायला जागा नको. चाळीस वर्षं त्यानं कौलं पाडली, भट्ट्या लावल्या. निम्म्या केबुमेन शहराच्या डोक्यावर त्याची कौलं. पण कुणी "रासिमुन, तुझ्यामुळं हं" असं म्हटलं की गडी मान खाली घालून माती तुडवायला लागायचा, आणि स्वतःला तसं म्हणायची वेळ आली की लघवीचं निमित्त करून उठायचा. असल्या माणसानं नवस बोलावा हेच मुळात आक्रीत होतं.

बोलला तो दवाखान्याच्या व्हरांड्यात. बायको तारसिया चुलीपुढं टेंपे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, तळता तळता कलंडली आणि तिचं उजवं अंग गेलं. डॉक्टर म्हणाला, "बघू." डॉक्टर 'बघू' म्हणाला की घरच्यांनी काय समजायचं ते लहान पोरालाही कळतं. रासिमुननं भिंतीकडं तोंड केलं आणि चांगलं खणखणीत आवाजात सांगितलं, "गुस्ती अल्ला, ही पायावर हुबी ऱ्हायली तर हिला त्याच स्कूटरवर बसवून म्हायेरी न्हेईन." बाजूला मेव्हणा सुकार्दी होता, एक नर्स होती, आणि केळी खात बसलेलं एक अख्खं कुटुंब होतं. म्हणजे साक्षीदारांना तोटा नव्हता.

त्याच स्कूटरवर म्हणजे शहात्तर सालच्या व्हेस्पावर. लग्नानंतर तारसिया त्याच स्कूटरवरनं डोंगर उतरून सासरी आली होती. एका बाजूला पाय सोडून बसलेली आणि मांडीवर पत्र्याची पेटी. पुढं पोरं झाली, कौलं वाहायला टेम्पो आला, आणि स्कूटर भट्टीमागच्या छपरात गेली ती गेलीच. एकोणीस वर्षं तिच्यावर भट्टीची राख पडली, कोंबड्या बसल्या, आणि हेडलाइटच्या डोळ्यात गांधीलमाशांनी घर केलं.

गुस्तीनं, म्हणजे वरच्या मालकानं, त्याच्या वाटणीचं काम केलं. पाच महिन्यांत तारसिया काठी टेकत उभी राहिली. पाय फरफटत, पण चालती झाली. उजवा हात मात्र मेलेल्या कोंबडीच्या पायागत मुडपलेलाच राहिला. आता पाळी रासिमुनची होती.

आणि तारीखही आपोआप ठरली. तारसियाची आई, म्हातारी सानिकेम, वारल्याला हजार दिवस भरायला आता वर्षही उरलं नव्हतं. आमच्यात मेलेल्या माणसाला चाळिसाव्या दिवशी जेवण, शंभराव्या दिवशी जेवण, वर्षाचं, दोन वर्षांचं, आणि शेवटचं हजाराव्या दिवशी. त्या दिवशी थडग्यावर दगड बसतो, आणि मग त्या माणसासाठी गाव पुन्हा गोळा होत नाही. दोन वर्षांच्या जेवणाला तारसिया अंथरुणात होती. हजारावा दिवस आठ महिन्यांवर होता.

सुकार्दीनं फोन केला. धाकटा भाऊ म्हणून तो तिला 'यू', म्हणजे ताई, म्हणायचा. "यू, तू काळजी करू नगंस. मी गाडी धाडतो. एसीची हाय."

"गाडी नगं," तारसिया म्हणाली. "ह्यांनी स्कूटर बोललीया."

"अगं यू, ती स्कूटर हाय का उंदराचं बिऱ्हाड?"

"ते मला नगं सांगूस. बोललेलं फेडलं न्हाय तर दिलेलं परत न्हेत्यात. मला ह्या पायावर आईच्या थडग्यापाशी जायाचंय, आन पुढंबी ह्याच पायावर ऱ्हायाचंय."

फोन ठेवून तिनं नवऱ्याकडं बघितलं. पोरांची आई झाल्यापासनं ती त्याला 'पाकने', म्हणजे पोरांचा बा, म्हणायची, आणि तो तिला 'बुने', पोरांची आई. "ऐकलंसा न्हवं पाकने?"

"ऐकलं," रासिमुन म्हणाला, आणि पाना शोधायला गेला.

गावात स्कूटर दुरुस्त करणारे दोघं होते. दोघंही म्हणाले, आणा इकडं. रासिमुननं नेली नाही. नवस मी बोललो, तर हातही माझाच लागला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. लोक म्हणाले कंजूष आहे. तारसिया म्हणाली, "कंजूष न्हाय, हेकट हाय. कंजूष परवडला."

पहिले चार दिवस गांधीलमाशांत गेले. त्यांनी रासिमुनच्या कानांचे वडे केले. मग इंजिन उतरवलं तर पिस्टन सिलिंडरमध्ये असा धरलेला, जणू दोन्ही मिळून एकच ओतीव तुकडा. प्लगच्या भोकातनं त्यानं डिझेल आणि खोबरेल मिसळून ओतलं आणि वाट बघत बसला. भट्टीवाल्याला वाट बघणं शिकवावं लागत नाही. रोज सकाळी माती तुडवायच्या आधी जाऊन एकदा क्रँक हलवून बघायचा. नऊ दिवस काही नाही. दहाव्या दिवशी कौलं थापायच्या लाकडी थापीचा एक ठोका बसला आणि पिस्टन बेडकागत ओरडून एक बोटभर सरकला. रासिमुननं आत ओरडून सांगितलं, "बुने, हललं!" आतनं उत्तर आलं, "तुमचं डोस्कं का इंजिन?"

आता इंजिनचं पोट फाडायचं म्हणजे शंभर तुकडे बाहेर येणार. कुठला कशाच्या आधी निघाला, कुठलं तोंड कुठं होतं, हे ध्यानात ठेवायचं कसं? दुसरा कुणी कागदावर चित्रं काढतो, हल्ली फोनवर फोटो घेतात. रासिमुनचं लिहिणं सहीपुरतं, आणि फोन बटणांचा. पण त्याच्याकडं माती होती. त्यानं ओलं कच्चं कौल घेतलं, निघालेला भाग रॉकेलनं पुसला, आणि दाबला त्यावर. ठसा उमटला. बाजूला काडीनं खूण केली: एक रेघ म्हणजे पहिला, दोन म्हणजे दुसरा, आणि बाण म्हणजे हे तोंड वर. क्लचच्या पाच चकत्या एका कौलावर. गिअरची चार चाकं एकावर. गिअरच्या दांड्यातनं बारीक सुईसारखे रोलर घरंगळले, चांगले एकवीस, त्यांचे एकवीस चर एका कौलावर. असली चौतीस कौलं झाली. छपरात ती ओळीनं मांडली तर जणू इंजिन चालत चालत भिंतीपर्यंत गेलं होतं.

"आता ही भाजून ठेवतो," रासिमुन म्हणाला. "म्हंजी पावसानं जायाची न्हाईत, कोंबडीनं मोडायची न्हाईत."

त्या महिन्याच्या भट्टीत साडेतीन हजार कौलांच्या मध्यभागी इंजिनची चौतीस कौलं भाजून निघाली. तांबूस, टणक, बोटानं वाजवली तर घंटेगत वाजणारी. रासिमुनला अशी मोठी युक्ती उभ्या आयुष्यात सुचली नव्हती. आल्यागेल्याला तो दाखवायचा.

तुकडे सांभाळायचं काम तारसियाकडं. सुपात नट, बोल्ट, वायसर, स्प्रिंगा घेऊन ती ओसरीवर बसायची आणि रॉकेलच्या वाटीत एकेक धुवायची. गावचा मंत्री, म्हणजे सुया टोचणारा सरकारी माणूस, येऊन सांगून गेला होता की उजव्या हातानं मक्याचे दाणे वेचत जा, बोटं सुटतील. तारसियानं त्याला विचारलं होतं, "मी काय कोंबडी हाय व्हय?" आणि दाणे कोंबड्यांनाच टाकले होते. पण वायसर पडला तर डाव्या हातात वाटी असायची, आणि उचलायला उजवाच रिकामा. आधी ती नुसता तळवा घासत वायसर स्वतःकडं ओढायची. मग दोन बोटांत धरायला लागली. मग शिव्या देत, पण धरायला लागली. मंत्री पुन्हा आला तेव्हा सूप बघून म्हणाला, "बू तारसिया, मी मका सांगितला होता."

"मक्याला ग्रीस न्हाय," तारसिया म्हणाली.

सिलिंडर, इंजिनच्या पेटीचे दोन्ही भाग, गिअर, क्लचच्या चकत्या, रोलर आणि दांडे रासिमुननं पोत्यात भरले आणि सायकलवरनं केबुमेनला कोह हानच्या लेथवर दिले. कोह हान म्हणजे तीन पिढ्यांचा लेथवाला चिनी म्हातारा. त्यानं सिलिंडर आतनं घासून नवा पिस्टन बसवला, बेअरिंगा काढल्या, बाकीचं तपासून बरं म्हणून परत दिलं. तीन आठवड्यांनी पोतं घरी आलं.

रासिमुननं छपरात चौतीस कौलं मांडली आणि एकेक भाग आपापल्या ठशात बसवायला घेतला.

पहिलं चाक बसेना. दुसरं बसेना. क्लचची चकती ठशाच्या कडेवर चढून राहिली. एकवीस रोलरांतला एकही आपल्या चरात जाईना. रासिमुनच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "बदललं," तो म्हणाला. "चिन्यानं माझं सामान बदललं. माझं चांगलं सामान ठेवून मोठ्या गाडीचं घातलं!"

"पाकने, जरा दमानं..."

पण तो सायकलवर होता. पोतं मागं बांधून, कौलाचा एक नमुना छातीशी धरून चौदा किलोमीटर गेला आणि कोह हानच्या दारात उभा राहून असा ओरडला की समोरचा दावेतवाला, म्हणजे सरबत विकणारा, ओगराळं हातात धरूनच बाहेर आला.

"माझं गिअर कुटं हाय?"

कोह हाननं चष्मा काढला. "तुम्हाला दिले, पाक रासिमुन."

"ते माझं न्हवं! हे माझं!" त्यानं कौल टेबलावर आपटलं. आपटल्यावर वाजलं, फुटलं नाही. चांगलं भाजलेलं होतं.

म्हाताऱ्यानं कौल हातात घेतलं. ठसा बघितला. बोटानं चाचपला. मग गिअर मागितला, मापानं मोजला, कौलाचा ठसा मोजला. ओठांतल्या ओठांत काही पुटपुटला. मग विचारलं, "पाक, तुमचा धंदा काय?"

"कौलं. माहीत न्हाय व्हय?"

"किती वर्षं झाली?"

"चाळीस."

"मग मला सांगा. साचा आणि भट्टीतनं निघालेलं कौल, यांत मोठं कुठलं?"

रासिमुननं कौलाकडं बघितलं, मग गिअरकडं. साचा नेहमी मोठाच करतात. हाताएवढं कौल हवं असलं तर साचा हात आणि वर दोन बोटं. वाळताना माती आकसते, भट्टीत आणखी आकसते. हे तो गेली चाळीस वर्षं प्रत्येक नव्या गड्याला पहिल्या दिवशी सांगत आला होता, आणि न समजणाऱ्याला गाढव म्हणत आला होता.

दावेतवाला हसायला लागला. लेथवरचे दोघं हसायला लागले. कोह हान मात्र हसला नाही. म्हणाला, "इंजिनचं पुस्तक मातीचं करणारा माणूस माझ्या आयुष्यात पहिला. मापं गेली, पण क्रम बरोबर आहे. खुणा बरोबर आहेत. जा, जोडा." आणि बेअरिंग ठोकायला लागणारी पितळी नळी त्यानं पोत्यात टाकली. "काम झालं की आणून द्या."

रासिमुननं पोतं उचललं. पुढच्या आठवड्यात कोह हाननं सकाळी दुकान उघडलं तर त्याच्या छपरावरची सगळी फुटकी कौलं बदललेली होती आणि रस्त्याच्या कडेला शिडी टेकवल्याच्या दोन खुणा होत्या.

घरी मात्र तारसिया तीन दिवस हसत होती. भात वाढताना हसायची, नमाजाला निघताना हसायची. "मोठ्या गाडीचं सामान!" रासिमुन म्हणायचा, "बुने, आता पुरं." ती म्हणायची, "उजव्या बाजूनं हसू येतंय का बघाय लागलेय." आणि येत होतं. तोंडाचा उजवा कोपरा, जो पडला होता, तो हळूहळू वर चढायला लागला होता.

मग जोडायचं काम सुरू झालं. इंजिनच्या पेटीचे भाग त्यानं भट्टीच्या माथ्यावर ठेवून तापवले. किती तापले हे बघायला थुंकायचा. थुंकी नुसती चुरचुरली तर कच्चं, टुणकन उडून पळाली तर पक्कं. बेअरिंगा गावातल्या बर्फवाल्याच्या पेटीत गारठत ठेवल्या होत्या. तापलेल्या भोकात गारठलेली बेअरिंग टाकली की हातानं ढकलून बसायची, ठोकायचीही गरज नाही. चाळीस वर्षं आगीशी केलेली सोयरीक इथं कामाला आली. कागदाच्या गॅस्केटी त्यानं निवडणुकीच्या जाड पत्रकातनं कापल्या, त्यामुळं एका उमेदवाराचं अर्धं हसू कायमचं इंजिनमध्ये गेलं.

अडलं ते त्या एकवीस रोलरांवर. गिअरच्या दांड्यात, ग्रीस लावून, एकाशेजारी एक, वर्तुळात उभे करायचे. शेवटचा बसेपर्यंत पहिला पडता कामा नये. रासिमुनची बोटं रताळ्याएवढी. सतरा बसवले की अकरावा पडायचा. एकदा वीस झाले, आणि तो शिंकला. त्यानं सगळं सुपात टाकलं आणि भिंतीला टेकून बसला. हजारावा दिवस सहा आठवड्यांवर आला होता.

"सरका," तारसिया म्हणाली.

तिनं दांडा मांडीत धरला. डाव्या हातानं ग्रीस लावलं आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी पहिला रोलर उचलला. दुसरा. तिसरा. पहिल्यांदा नवावर पडले. तिनं बारीकशी शिवी दिली, जी ती पोरांसमोर देत नसे. दुसऱ्यांदा एकोणिसावर पडले. रासिमुन म्हणाला, "बुने, ऱ्हाऊ दे, उद्या..." ती म्हणाली, "गप बसा, मोजाय चुकतंय." तिसऱ्यांदा तिनं एकविसावा रोलर शेवटच्या फटीत ठेवला आणि अंगठ्यानं दाबला. टिक्क करून बसला. दोघांनी श्वास रोखून दांडा आडवा केला. पडला नाही. उभा केला. पडला नाही.

रासिमुन लघवीला जातो म्हणून उठला आणि बराच वेळ भट्टीमागं उभा राहिला.

हजाराव्या दिवसाच्या आधी अकरा दिवस स्कूटर अंगणात आली. रंग राखेचाच ठेवला होता, नुसती धुऊन काढली होती. आमच्याकडं व्हेस्पाला किक मारायच्या आधी ती एका अंगाला चांगली आडवी करतात, दूध प्यायलेल्या पोराला ढेकर काढायला उताणं-पालथं करावं तसं. रासिमुननं तशी ती केली, सरळ केली, बिस्मिल्ला म्हणून किक मारली. आठव्या किकेला इंजिन धडधडलं. निळा धूर असा सुटला की शेजारची कोंबडी अंड्यावरनं उठली ती संध्याकाळपर्यंत परतली नाही. सगळी आळी जमली. कुणी म्हणालं, शाब्बास पाक. रासिमुननं कान इंजिनला लावला होता. त्याला ऐकू गेलं नाही, किंवा गेलं असंल.

हजाराव्या दिवशी सकाळी सात वाजता दोघं निघाले. मागं तारसिया, एका बाजूला पाय सोडून नाही, तर पाटलोण घालून दोन्हीकडं पाय टाकून, आणि सुती पट्ट्यानं नवऱ्याच्या कमरेला बांधलेली. पुढच्या जाळीत काठी आणि लांतिंगच्या दोन पिशव्या, कारण केबुमेनचा माणूस पाहुणा जाताना ह्या कडक कडबोळ्यांशिवाय जात नाही. नमाजानंतर रात्रीचं जेवण. त्याआधी पोचायचं, म्हणजे वेळ भरपूर. सपाटीवर स्कूटर लोण्यागत गेली. वादासलिंतांगच्या धरणाचा चढ लागला तेव्हाही दुसऱ्या गिअरमध्ये कुरकुर न करता चढली. रासिमुन आरशात बघून हसला. आरशात तारसिया म्हणाली, "थांबवा."

"का? काय झालं?"

"मुतायचंय."

बांबूच्या बेटापाशी त्यानं स्कूटर लावली. ती काठी टेकत आत गेली. तिला वेळ लागणार होता, म्हणून रासिमुन खाली बसला आणि लवंगेची सिगारेट पेटवली.

आणि तिथंच चुकलं. आमच्या रस्त्यावर उभ्या व्हेस्पाशेजारी खाली बसलेला माणूस दिसला की दुसरा व्हेस्पावाला थांबल्याशिवाय पुढं जात नाही. हा कुणी केलेला कायदा नाही. जावयानं सासऱ्याच्या पाया पडावं इतकं ते सरळ आहे. पहिला थांबला तो बँकेतला एक कारकून, आरशासारखी चकचकीत स्कूटर. "काय झालं पाक? प्लग?"

"काय न्हाय. बायकू बांबूत गेलीया."

कारकून हसला, निघाला असता. पण रासिमुनला राहवलं नाही. "इंजिन फस्क्लास हाय. मी सोता बांधलंय. घरी."

"घरी?" कारकून परत उतरला. "घरी म्हंजी?"

तेवढ्यात पुर्वोरेजो गावाकडचे दोघं मित्र थांबले. मग एक मासेवाला, मागं दोन पेट्या. सगळ्यांना एकच प्रश्न: काय झालं? आणि सगळ्यांना कारकून सांगायचा, "पाकनं घरी बांधलंय!" रासिमुननं कौलांची गोष्ट सांगितली. भट्टीची सांगितली. कोह हानची नाही सांगितली. माणसं उकिडवी बसून ऐकत होती, आणि व्हेस्पावाला उकिडवा बसला की त्याचा हात आपोआप झाकणाकडं जातो. "कार्बुरेटर बघू का पाक? नुसतं बघतो." "जेट कितीचं घातलंय?" "चढाला जरा जास्त पेट्रोल पितंय वाटतं, वासावरनं." रासिमुननं नको म्हणायला तोंड उघडलं, पण त्याच्या कामाकडं इतकी माणसं इतक्या प्रेमानं कधी बघत बसली नव्हती. झाकण निघालं. गाळणी निघाली. जेट निघालं. मक्याच्या दाण्याएवढं पितळी बोंड, मधे पेट्रोल जायला सुईएवढं भोक. कारकुनानं ते तळव्यावर घेतलं, उन्हाकडं धरून भोक बघितलं, आणि स्वच्छ करायला म्हणून त्यात फुंकर मारली.

जेट उडालं. रस्त्याच्या कडेला एकदा चमकलं आणि धरणाच्या बाजूच्या उताराच्या गवतात गेलं.

बांबूतनं काठीचा आवाज आला. तारसिया बाहेर आली आणि तिनं उघडं इंजिन आणि पाच तोंडं बघितली.

"मी मुतायला गेले तेवढ्यात तुमी हिचं बाळंतपण काढलं व्हय?"

मग पाचही जण गुडघ्यांवर गवतात. अर्धा तास. तास. कारकुनाची इस्त्रीची पाटलोण हिरवी झाली. तो सारखा म्हणत होता, "माफ करा बू. माफ करा पाक." प्रत्येकाकडं जादा प्लग होता, जादा केबल होती. जादा जेट कुणाकडं नव्हतं, कारण जेट कधी बिघडत नाही. कारकुनाच्या आणि दोघा मित्रांच्या स्कूटरी नव्या कार्बुरेटरच्या. मासेवाल्याचं जेट दुसऱ्या मापाचं. ऊन डोक्यावर आलं. जवळचं शहर कालिविरो, तिथं दुकान जुम्म्याला बंद, आणि जुम्माच होता. मासेवाल्यानं नाइलाजानं स्कूटर काढली. बर्फ वितळत होता.

"सुकार्दीला फोन करतो," रासिमुन शेवटी म्हणाला. "गाडी धाडंल. आईचं जेवण चुकाय नगं."

तारसिया किलोमीटरच्या दगडावर बसली होती. उजवा हात डाव्या हातात धरून, त्याची बोटं एकेक दाबून बघत बसली, जणू आहेत का अजून हे मोजत होती. रासिमुननं फोन काढला आणि हातातच धरून ठेवला.

तेव्हा खालनं एक भयाण आवाज आला. वळणावरनं जे वर आलं त्याला स्कूटर म्हणावं का हाच प्रश्न. पुढं म्हशीची शिंगं, मागं बांबूचा हारा, त्यावर फाटकी छत्री, बाजूला लोंबणारे डबे. चालवणारा कमरेपर्यंत जटा वाढवलेला, अंगात बनियन म्हणता येईल असं काहीतरी. असली गावोगाव भटकणारी पोरं रासिमुनला बघवत नसत. आळीत आली की तो म्हणायचा, ह्यांच्या आयांनी ह्यांना अंघोळीला कधी हाक मारली असंल का?

तो थांबला. विचारलं नाही काय झालं. उघडं झाकण बघितलं, गवतात गुडघ्यांवरची माणसं बघितली, समजला. आपल्या त्या राक्षसाचं झाकण उघडलं, दोन स्क्रू काढले, आणि जेट रासिमुनपुढं धरलं. "घ्या पाक. एकाच मापाचं हाय, इंजिन शहात्तरचंच हाय माझं."

"आन तू?"

"मी हाय की हितं."

"किती येळ?"

"मला कुटं जायचंय? कुनीतरी थांबंलच." तो बांबूच्या सावलीत आडवा झाला, जणू घरची बाज होती. "बूला पुढं न्ह्यायचंय न्हवं? जावा."

रासिमुननं लांतिंगची एक पिशवी त्याच्यापुढं धरली. सिगारेटचं पाकीट धरलं. हातातलं घड्याळ सोडायला लागला. त्या पोरानं पिशवीतनं एक कडबोळं घेतलं आणि बाकीचं परत ढकललं. "घड्याळ कशाला? उशीर झाला म्हनून कुनी वरडनारं न्हाय मला." कारकुनानं जेट बसवलं, या वेळी फुंकर न मारता. दोन किका. धूर. तारसियानं पोराच्या जटांवरनं उजवा हात फिरवला आणि मागं बसली.

सात-आठ किलोमीटर गेल्यावर रासिमुननं विचारलं, "बुने, त्याचं नाव काय?"

"मला काय इचारता? तुमीच बोलत हुता."

"मी न्हाय इचारलं."

"आभार तरी मानलं का?"

रासिमुननं गिअर बदलला.

अस्राच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या, नमाजाला दोघं तारसियाच्या म्हायेरी पोचले. सुकार्दीसकट सगळं अंगण बघत उभं राहिलं. तारसिया उतरली, काठी घेतली, आणि आधी घरात न जाता थडग्याकडं चालत गेली. दगड बसला होता. तिनं तिथं काय सांगितलं ते तिचं तिला ठाऊक. परत आली तेव्हा फक्त म्हणाली, "फिटलं."

रात्रीच्या नमाजानंतर बैठकीत चाळीसभर माणसं मांडी घालून बसली. गावच्या काऊमनं, म्हणजे दुवा म्हणणाऱ्या म्हाताऱ्यानं, सानिकेमसाठी सगळं म्हटलं, मग तिच्या सासूसाठी, तिच्या आजोबांसाठी. शेवटी रीतीप्रमाणं विचारलं, "आणखी कुणाची कुणासाठी दुवा?"

एरवी इथं कुणी बोलत नाही, कारण जेवण जवळ आलेलं असतं. रासिमुननं हात वर केला.

"बोला पाहुणं. कुणासाठी?"

"नाव ठावं न्हाय."

"बापाचं?"

"तेबी न्हाय."

काऊमनं चष्म्यावरनं बघितलं. "मेलेल्यासाठी का जित्यासाठी?"

"जित्यासाठी. दुपारपतूर तरी जित्ताच हुता." मग रासिमुननं खाली बघत, पण दवाखान्याच्या व्हरांड्यात बोलला होता तेवढ्याच खणखणीत आवाजात सांगितलं, "वादासलिंतांगच्या चढाला बांबूच्या बेटात एक जटावाला हाय, स्कूटरला म्हशीची शिंगं आन फाटकी छत्री. त्याच्यामुळं आमी पोचलो. त्याच्या स्कूटरचं जेट माझ्यात हाय. त्याच्याजवळ कुनीतरी थांबू दे. आन केबुमेनचा एक लेथवाला हाय, त्यालाबी धरा. आन एक बँकेचा कारकून. त्यानं फुंकलं, पर तास-दीड तास गुडघ्यांवर हुता."

काऊमनं हात वर केले आणि नाव नसलेल्यांसाठी दुवा म्हटली, शिंगं, छत्री अशा सगळ्या खुणांसकट, कारण गुस्तीला ओळख पटायला हवी. चाळीस माणसं आमीन म्हणाली.

पण दार एकदा उघडलं की बंद करणं अवघड. कोपऱ्यातला एक म्हातारा म्हणाला, "मग माझाबी एक घ्या. ब्याऐंशी साली पुरात मला ज्यानं झाडाला बांधलं, त्याचं नाव मला ठावं न्हाय." दुसरा म्हणाला, त्याच्या मुलीला दवाखान्यात रक्त दिलेला एक सैनिक. सुकार्दी म्हणाला, जकार्तात त्याचं हरवलेलं पाकीट आणून देणारी एक भाजीवाली. काऊम हात वर धरून धरून दमला. एका हाताला दुसऱ्यानं आधार द्यायला लागला. आमीन वर आमीन.

शेवटी स्वयंपाकघराच्या पडद्यातनं तारसियाची हाक आली, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशी.

"पाकने, बास करा आता! भात गार व्हायला लागलाय!"